पक्षी मोजता, तसं त्यांना काय येतं तेही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातला ऑक्सिजन कमी होतोय ही बातमी पेपरात अधूनमधून येते, आणि पक्षी एकमेकांचं बघून शिकतात ही बातमीही येते, पण दोन्ही वेगवेगळ्या पानांवर. पहिली वाचून माणूस दोन मिनिटं घाबरतो, दुसरी वाचून किती गोड म्हणतो, फॉरवर्ड करतो आणि विषय तिथेच संपतो. मला या दोन्ही विषयांची बऱ्याच वर्षांपासून आवड आहे, जमेल तेवढं वाचत असतो, आणि अगदी मनापासून वाटतं की या बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला पाहिजेत. कारण समुद्र बदलला की खाणं कुठे मिळणार तेही बदलतं, आणि खाणं कुठे मिळतं हे बऱ्याच पक्ष्यांना जन्मतः माहीत नसतं, ते त्यांना दुसऱ्या पक्ष्यांकडून कळतं. मग आपण नुसती डोकी मोजत बसलो आणि त्यांच्याकडची माहितीच गेली तर काय, हा माझा प्रश्न आहे. पत्र लांबलंय, जागेप्रमाणे कापा, पण दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या समुद्राचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधी समुद्राचं बघू. हवेच्या एका लिटरमध्ये साधारण २१० मिलीलिटर ऑक्सिजन असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात, ते अगदी गोठण्याच्या जवळ असेल तर जेमतेम ८ मिलीलिटर मावतो, आणि तेच पाणी २५ डिग्रीला आलं तर ५ सुद्धा नाही. म्हणजे मासे मुळात किती थोडक्यावर जगतात ते लक्षात घ्या, आणि त्यात गंमत नाही तर फार मोठी अडचण अशी आहे की पाणी तापलं की माशाच्या शरीराला जास्त ऑक्सिजन लागतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. दोन्हीकडून कोंडी. शिवाय वरचं पाणी तापून हलकं झालं की ते वरच राहतं, खालच्या गार पाण्यात नीट मिसळत नाही, आणि खोल पाण्याला ऑक्सिजन मिळायचा रस्ता म्हणजे हे मिसळणंच, दुसरा नाही. खाली वरून मेलेलं प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पडत राहतं, ते कुजवताना बॅक्टेरिया असलेला ऑक्सिजन संपवतात, आणि वरून नवीन येत नाही.

हे पूर्वी झालेलं आहे, आणि एकदा नाही, बऱ्याच वेळा. १९७६ साली सेमूर श्लांगर आणि ह्यू जेन्किन्स या दोन भूशास्त्रज्ञांनी यासाठी ओशनिक अॅनॉक्सिक इव्हेंट हे नाव पुढे आणलं, म्हणजे समुद्राच्या फार मोठ्या भागातला ऑक्सिजन एकाच काळात संपण्याची घटना. समुद्रतळ ड्रिल करून काढलेल्या कोअरमध्ये, म्हणजे थरांच्या लांब नळकांड्यांमध्ये, ठिकठिकाणी एकाच वयाचे काळे थर सापडत होते, एका कोपऱ्यातला अपघात म्हणावा तर ते फारच दूरदूर पसरलेले होते. इटलीत गुब्बिओ गावाजवळ पांढऱ्या चुनखडीच्या थरांमध्ये साधारण मीटरभर जाडीचा काळा पट्टा आहे, बोनारेल्ली थर म्हणतात त्याला, वय सुमारे ९.४ कोटी वर्षं. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये काळं. कुजायला ऑक्सिजनच नव्हता म्हणून सेंद्रिय गाळ न कुजता तसाच साठला, आणि तोच आज काळा दिसतो.

या काळ्या खडकाचा तुकडा जवळून बघितला की मला सगळ्यात जास्त काय भावतं सांगू का, त्यातल्या रेघा. अगदी बारीक, मिलीमीटरच्या आतल्या, एकीवर एक, कुठेही विस्कटलेल्या नाहीत. नेहमीच्या समुद्रतळावर असं राहत नाही कारण किडे, गांडुळासारखे वळवळणारे जीव, शिंपले हे सगळे गाळ सतत उकरत असतात, खालचं वर आणि वरचं खाली करत असतात. रेघा शाबूत आहेत याचा अर्थ तिथे उकरायला कोणीच जिवंत नव्हतं. त्या खडकात पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाचे, रासबेरीसारखे दिसणारे सूक्ष्म गोळे असतात, ते गाळात न बनता वरच्या पाण्यातच बनले असतील तर आकाराने लहान राहतात, साधारण पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणून नुसत्या त्यांच्या आकारावरून कळतं की विषारी हायड्रोजन सल्फाइड तळाच्या चिखलापुरता होता का पाण्यात वर चढला होता. आणि काही थरांमध्ये तर हिरव्या सल्फर बॅक्टेरियांच्या रंगद्रव्याचे रेणू सापडतात, या बॅक्टेरियांना ऊन आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही एकाच जागी लागतात, म्हणजे ते विषारी पाणी पार सूर्यप्रकाश पोचतो त्या थरापर्यंत वर आलं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याची खोली आणि त्यातला वायू एका रेणूवरून कळतो, हे मला आजही थक्क करतं आणि पेपरात हे कधीच सविस्तर येत नाही याचं वाईट वाटतं.

कारणांची साखळी बहुतेक वेळा सारखीच निघते. मोठे ज्वालामुखी, हवेत भरपूर कार्बन डायऑक्साइड, तापमान वाढतं, पाऊस आणि झीज वाढून जमिनीवरून फॉस्फरस समुद्रात येतो, प्लँक्टन माजतं, मरतं, कुजताना ऑक्सिजन खातं, आणि ऑक्सिजन संपलेल्या तळातून आधी पुरलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो की परत प्लँक्टनला खत. एकदा हे चक्र सुरू झालं की स्वतःच स्वतःला ढकलत राहतं. बोनारेल्ली थराच्या वेळची घटना साधारण पाच लाख वर्षं चालली. १८.३ कोटी वर्षांपूर्वी तोआर्सियन काळात असंच झालं. आणि सगळ्यात भयंकर २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, सायबेरियातल्या लाव्हाच्या वेळी, जेव्हा समुद्रातल्या बहुसंख्य प्रजाती कायमच्या गेल्या. २०१८ मध्ये जस्टिन पेन, कर्टिस डॉइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स जर्नलमध्ये दाखवलं की समुद्रातल्या त्या विनाशातला अर्ध्याहून जास्त भाग फक्त तापलेलं पाणी आणि कमी ऑक्सिजन या जोडीने समजावता येतो, आणि जास्त फटका ध्रुवांकडच्या जीवांना बसला, कारण गार पाण्याची सवय असलेल्यांना पळून जायला त्याहून गार जागाच उरली नव्हती.

इथे एक गैरसमज काढायला हवा. समुद्रातला ऑक्सिजन कमी झाला म्हणून माणसांना श्वास घ्यायला हवा उरणार नाही अशा पोस्ट फिरतात, ते खरं नाही, हवेतला साठा प्रचंड आहे, प्रश्न पाण्यातल्या जीवांचा आहे. आणि दुसरी बाजूही मोकळेपणाने सांगायला पाहिजे. २०२२ मध्ये अलेक्झांड्रा ऑडरसेट आणि माइन्झच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या सहकाऱ्यांनी फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचात अडकलेला नायट्रोजन तपासला. ऑक्सिजन संपतो तिथे बॅक्टेरिया ऑक्सिजनऐवजी पाण्यातलं नायट्रेट वापरून श्वास घेतात आणि जड नायट्रोजन मागे उरतो, त्यावरून हिशेब लागतो. तर त्यांना दिसलं की गेल्या साडेसहा कोटी वर्षांतल्या काही लांबलचक उष्ण काळात खुल्या समुद्रातले कमी ऑक्सिजनचे पट्टे उलट आक्रसलेले होते. मग आता काळजी नाही असं समजायचं का? मला नाही वाटत. तो हिशेब समुद्राला सावरायला लाखो वर्षं मिळाली तेव्हाचा आहे, आणि आपण बोलतोय काही दशकांबद्दल. पण अशा उलट दिशेच्या निष्कर्षांची बातमी मराठीत जवळपास येतच नाही, मग लोकांना वाटतं शास्त्रज्ञ एकच पाठ केलेलं बोलतात. दोन्ही छापा. वाचकाला पेलतं.

आजचं मोजमाप काय सांगतं तर १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत जगाच्या समुद्रांनी एकूण ऑक्सिजनपैकी दोन टक्क्यांहून जास्त गमावला, हा श्मिट्को, स्ट्रामा आणि फिसबेक यांचा २०१७ चा नेचर या जर्नलमधला पेपर. दोन टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण ही सरासरी आहे, आणि जिथे आधीच काठावर होतं, पूर्व पॅसिफिकचा उष्ण पट्टा, अरबी समुद्राचा मधला थर, अशा ठिकाणी थोडीशी घटसुद्धा रेषा ओलांडायला पुरते. काळा समुद्र तर साधारण १५० ते २०० मीटरच्या खाली पूर्ण ऑक्सिजनशिवाय आहे, तिथे बल्गेरियाजवळ दोन किलोमीटर खोलीवर २,४०० वर्षांपूर्वीचं ग्रीक जहाज डोलकाठीसकट उभं सापडलं, लाकूड खायला कोणी जीवच नाही.

आता पक्ष्यांकडे येतो, आणि इथे मला थोडा जास्त वेळ घ्यायचाय.

ऑक्सफर्डजवळ वायथम वूड्स नावाचं जंगल आहे, तिथल्या ग्रेट टिट पक्ष्यांवर, आपल्या वल्गुलीच्या कुळातला हा छोटा पक्षी, लूसी अॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, २०१५ मध्ये नेचरमध्ये आला. एक बॉक्स, त्याला सरकतं दार, एका बाजूला निळं आणि एका बाजूला लाल. दार डावीकडे सरकवा नाहीतर उजवीकडे, आत तीच अळी, तेवढीच. जंगलाच्या वेगवेगळ्या भागांतून दोन-दोन नर पकडले, एका भागातल्यांना निळी बाजू शिकवली, दुसऱ्या भागातल्यांना लाल, आणि परत सोडून दिलं. पायात चिप असल्यामुळे कोण कधी आलं आणि कुठून उघडलं सगळी नोंद होत होती. वीस दिवसांत सरासरी तीन चतुर्थांश पक्षी बॉक्स उघडायला शिकले, आणि ज्या भागात जी बाजू शिकवली होती तीच तिथे चालली. दुसऱ्या बाजूनेही उघडतं हे काहींना स्वतःहून कळलं, तरी ते पुन्हा आसपासच्यांच्या पद्धतीवर आले. एका भागातून दुसऱ्या भागात राहायला गेलेल्या पक्ष्यांनी बहुतेक करून नव्या ठिकाणची पद्धत उचलली. पुढच्या वर्षी बॉक्स पुन्हा लावले तर मधल्या काळात बरेच पक्षी मेले होते, नवीन आले होते, तरी भागाभागाची रीत टिकून होती. दोन पक्ष्यांपासून सुरू झालेली रीत.

सिअॅटलच्या कावळ्यांचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल म्हणून थोडक्यात सांगतो, जॉन मार्झलफ यांच्या टीमने २००६ मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडले, पुढे कित्येक वर्षं त्या मुखवट्यावर कावळे ओरडत राहिले, आणि त्यात असेही होते जे पकडलं तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

पण माझ्या मुद्द्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे तो व्हूपिंग क्रेन. उत्तर अमेरिकेतला हा उंच पांढरा क्रौंच १९४१ पर्यंत रानात विसेक उरला होता. पूर्वेकडे नवीन थवा उभा करायचा तर पिल्लं कृत्रिमरीत्या वाढवलेली, त्यांना स्थलांतराचा रस्ता दाखवायला आईबापच नाहीत, म्हणून २००१ पासून विस्कॉन्सिनहून फ्लोरिडापर्यंत हलक्या विमानाच्या मागे त्यांना नेलं, फक्त पहिल्या हिवाळ्याआधी, एकदाच. पुढचे सगळे प्रवास त्यांचे त्यांनी करायचे. थॉमस म्यूलर आणि सहकाऱ्यांनी त्या प्रवासांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये सायन्समध्ये मांडलं की ज्या गटात एखादा सात वर्षांचा पक्षी होता तो गट सरळ रस्त्यापासून, नुसत्या एकेक वर्षाच्या पक्ष्यांच्या गटापेक्षा, ३८ टक्के कमी भरकटला. गट मोठा का लहान याने फरक पडला नाही. नातेसंबंध किती जवळचे यानेही नाही. गटातला सगळ्यात वयस्कर पक्षी किती वर्षांचा आहे यावर सगळं अवलंबून. आता विचार करा, कुठे दहा क्रेन मोजले आणि दहाचे दहा एक वर्षाचे असतील तर रिपोर्टात दहाच लिहिणार, आणि त्यात एक सात वर्षांचा असेल तरीही दहाच. कागदावर सारखे. आकाशात अजिबात सारखे नाहीत.

आणि ही माहिती संपते तेव्हा काय होतं तेही दिसलंय. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात रीजंट हनीईटर नावाचा पक्षी आहे, एके काळी मोठमोठे थवे असायचे, आता काही शेकडे उरलेत. रॉस क्रेट्स आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा पेपर आहे की सुमारे १२ टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणंच गात नाहीत, दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांची गाणी गातात, कारण लहानपणी ऐकायला आपल्या जातीचा मोठा नर आसपास नव्हता. पिल्लू घरट्यात असताना बाप फारसा गात नाही, ते गाणं शिकतं बाहेर पडल्यावर, भेटतील त्या मोठ्या नरांकडून, आणि भेटतच नसेल कोणी तर? वेगळंच गाणं गाणाऱ्या नरांना जोडीदार मिळायची आणि घरटं लागायची शक्यताही कमी दिसली. संख्या घटल्यामुळे गाणं गेलं आणि गाणं गेल्यामुळे संख्या अजून घटायचा धोका. पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना आधी रेकॉर्डिंग ऐकवून बघितलं, मग रानात जन्मलेले मोठे नर त्यांच्याजवळ ठेवले, आणि खऱ्या पक्ष्याकडून शिकणं जास्त चांगलं साधलं. हे वाचलं तेव्हा मला फार भरून आलं होतं.

आता कोणी म्हणेल, जुनं ज्ञान जुन्या जगाचं, समुद्रच बदलला तर म्हाताऱ्या पक्ष्यांचं ऐकून उलट तोटा नाही का? प्रश्न रास्त आहे आणि यावरही काम झालंय. २०१७ मध्ये ताकाओ सासाकी आणि डोरा बिरो यांनी घरी परतणाऱ्या कबुतरांच्या जोड्या केल्या, एक माहीतगार आणि एक नवखं, मग माहीतगाराला काढून त्या नवख्याला माहीतगार धरायचं आणि अजून एक नवखं द्यायचं, असं पिढीमागून पिढी. रस्ता हळूहळू सुधारत गेला, एकट्या कबुतराच्या किंवा न बदललेल्या जोडीच्या रस्त्यापेक्षा चांगला झाला. ग्रेट टिटवरही २०२१ मध्ये मायकेल किमेन्टो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गटात नवे पक्षी येत राहिले तर जुन्या रीतीच्या जागी जास्त फायद्याची रीत लवकर रुजते. म्हणजे थव्यात दोन्ही हवेत, ज्याला माहीत आहे तोही आणि ज्याला माहीत नाही म्हणून वेगळं करून बघतो तोही. नवख्यांच्या जिवावर सुधारणा होते, पण सुधारायला आधी काहीतरी हातात असावं लागतं, आणि ते जुने देतात.

आता पेरू.

पेरूच्या किनाऱ्यावर खालचं गार, खतासारखं पाणी वर येतं, त्यावर प्रचंड प्लँक्टन, त्यावर अँकोव्हेटा नावाचा बोटभर मासा, जगात एकाच जातीची सगळ्यात मोठी मासेमारी याच माशाची. आणि एवढं प्लँक्टन कुजत असल्यामुळे त्याच पाण्याच्या खाली जगातल्या सगळ्यात जाड आणि सगळ्यात उथळ कमी-ऑक्सिजन थरांपैकी एक थर आहे, काही ठिकाणी तो पन्नास मीटरच्याही आत सुरू होतो. अँकोव्हेटाला त्या थरात उतरता येत नाही, म्हणून तो वरच्या पातळ थरात दाटीवाटीने राहतो, आणि वरून बुडी मारणाऱ्या पक्ष्यांचं त्यामुळे फावतं. ग्वानाय पाणकावळा, पेरूचा बूबी, पेरूचा पेलिकन, यांच्या विष्ठेचे डोंगर म्हणजेच तो ग्वानो, ज्यावर एकोणिसाव्या शतकात एका देशाचा खजिना चालला. म्हणजे ऑक्सिजन नसलेला थर इथे पक्ष्यांच्या पोटावर पाय देत नाही, उलट ताट वर उचलून धरतो. जोपर्यंत तो ठरावीक खोलीवर आहे तोपर्यंत.

मासा तरी रोज एका जागी थोडाच असतो? ग्वानाय तो कसा शोधतात यावर आन्री वाइमर्सकर्श आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लिहिलंय. बेटाजवळच पाण्यावर ग्वानायांचा एक मोठा तांडा बसलेला असतो. समुद्रावरून खाऊन परतणाऱ्या पक्ष्यांच्या लांब रांगा ज्या दिशेने येतात त्या दिशेला हा तांडा सरकत राहतो. बेटावरून निघणारा पक्षी आधी या तांड्यात उतरतो, आणि तिथून थेट त्या दिशेने निघतो. पोट भरून येणाऱ्यांच्या रांगेवरून तांड्याची जागा ठरते, आणि तांड्याच्या जागेवरून निघणाऱ्याची दिशा, कोणी कोणाला मुद्दाम काही सांगत नाही, तरी हजारो पक्ष्यांपर्यंत आजची बातमी पोचते. हे आजच्या दिवसापुरतं ज्ञान आहे, क्रेनच्या रस्त्यासारखं वर्षानुवर्षांचं नाही, हा फरक मी मुद्दाम सांगतोय. पण एक गोष्ट दोन्हीत सारखी आहे, पुरेसे पक्षी असले तरच हे चालतं. रांगाच विरळ झाल्या तर तांडा कशावरून सरकणार?

आणि याच समुद्राच्या तळात भूतकाळ नीट जपलेला आहे. ऑक्सिजन नाही म्हणून गाळ कोणी उकरत नाही, म्हणून माशांचे मणके आणि खवले जसेच्या तसे थरात राहतात. रेनातो साल्वात्तेची आणि सहकाऱ्यांनी तिथला सुमारे १ लाख ३० हजार ते १ लाख १६ हजार वर्षांपूर्वीचा गाळ तपासला, तो आजच्यापेक्षा उष्ण आणि कमी ऑक्सिजनचा काळ होता, २०२२ मध्ये सायन्समध्ये आलं. तेव्हा त्या समुद्रात अँकोव्हेटाचं राज्य नव्हतं. मणके लहान, गोबीसारख्या छोट्या माशांचे जास्त, अँकोव्हेटा कमी. म्हणजे गरम आणि ऑक्सिजन कमी असलेल्या समुद्रात ताट रिकामं नसतं पण ताटात वेगळंच असतं, छोटं, आणि बरंचसं वरच्या थरात दाटीने न मिळणारं. पुढे जर तसं व्हायला लागलं तर ग्वानायला नव्या प्रकारचं खाणं नव्या जागी शोधावं लागेल, आणि मला सांगा, हे शोधणं कमी वेळात साधायला एकमेकांचं बघून शिकण्याशिवाय त्यांच्याकडे दुसरं काय आहे?

एकट्याने जुन्या खुणांवर विसंबलं तर काय होतं ते आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर दिसलंय. आफ्रिकन पेंग्विनची पिल्लं आईबापांशिवाय समुद्रात उतरतात आणि गार, प्लँक्टनने भरलेलं पाणी शोधत जातात, कारण हजारो वर्षं अशा पाण्यात मासा असायचाच. रिचर्ड शर्ली आणि सहकाऱ्यांनी सॅटेलाइट टॅग लावून २०१७ मध्ये दाखवलं की ही पिल्लं अजूनही त्याच खुणांमागे नामिबियाकडे जातात, पण तिथला सार्डिन मासा अतोनात मासेमारीने आणि समुद्र बदलल्याने संपलाय, त्याच्या जागी जेलीफिश आणि गोबी आलेत. पाणी तेच सांगतं, मासा मात्र नाही. ही पिल्लं उपाशी मरतात. नामिबियाच्या त्याच किनाऱ्यावर तळातून हायड्रोजन सल्फाइड उसळून पाणी दुधाळ हिरवं होतं आणि तिथला गोबी त्या ऑक्सिजन नसलेल्या चिखलात दिवस काढतो, लाख वर्षांपूर्वीच्या पेरूच्या गाळातही गोबीसारखेच मासे, हा योगायोग मला वाटत नाही.

सरकारी आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर काहीच हललेलं नाही असं नाही. स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१४ च्या क्विटो बैठकीत व्हेल आणि डॉल्फिनच्या संस्कृतीचा, म्हणजे एकमेकांकडून शिकलेल्या वागण्याचा, संवर्धनात विचार करावा असा ठराव झाला. पेरूनेही २००९ च्या अखेरीस ग्वानोच्या बेटांना राष्ट्रीय राखीव क्षेत्र केलं. पण पक्ष्यांच्या बाबतीत बातमीत, रिपोर्टात आणि आपल्या बोलण्यात अजून फक्त आकडाच असतो.

म्हणून संपादक साहेब, दोनच मागण्या आहेत. समुद्रातल्या ऑक्सिजनची बातमी छापाल तेव्हा किती खोलीवर, कधीपासून, आणि कुठल्या काळाशी तुलना करून, एवढं नक्की द्या, आणि तिथे खाणारं कोण आहे तेही विचारा. आणि पक्ष्यांच्या संख्येची बातमी असेल तेव्हा त्यांच्या वयाबद्दल विचारा. २०२२-२३ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर बर्ड फ्लूने काही लाख समुद्रपक्षी मेले, ग्वानाय, बूबी, पेलिकन, किनाऱ्यावर पडलेल्या पक्ष्यांचे फोटो जगभर आले, मराठीतही आले. आकडा सगळ्यांनी छापला. त्यातले पिल्लं किती होती आणि वर्षानुवर्षं त्या समुद्रावर खाणं शोधणारे किती होते, हे विचारलेलं माझ्या वाचनात आलं नाही. पुढच्या वेळी आपल्या वार्ताहरांनी तेवढा एक प्रश्न संशोधकांना विचारावा.

आपला,
एक नियमित वाचक